अर्धी एकाहत्तर

“दोन लाख अकरा हजार,” मी म्हटलं.

दिघे सर तळहातावरच्या शेंगदाण्यांची सालं फुंकत होते. ते थांबले. “नीट वाच.”

“नीटच वाचलंय सर. तिसऱ्यांदा चालवलं.”

“आणि हवेत किती?”

त्यांना काय माहीत नव्हतं होय! पण माझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. “तीन लाख,” मी म्हटलं.

सतरा वर्षांपूर्वीचा सोमवार. शहरातल्या मेट्रोचा दुसरा मार्ग आखायचं काम आमच्या सल्लागार कंपनीकडे होतं, आणि शुक्रवारी कर्ज देणाऱ्या परदेशी बँकेची माणसं येणार होती. या मार्गावर रोज तीन लाख माणसं बसतील असं आम्ही दाखवलं तर कर्ज. नाही दाखवलं तर चार वर्षांचे नकाशे रद्दीत. आणि ही माणसं मोजायचं काम माझं. केतकी सबनीस, वय एकोणतीस, नगररचनेची पदवी, नाकावर चष्मा आणि नाकाच्या शेंड्यावर राग. माझ्यासारखं काम या शहरात कुणाला येत नाही अशी माझी पक्की समजूत होती.

माझ्या संगणकात अख्खं शहर बसवलं होतं. शहराचे तीनशे बारा तुकडे, प्रत्येक तुकड्याच्या मध्यभागी एक ठिपका. सकाळी कुठल्या ठिपक्यातून किती माणसं निघतात, कुठे जातात, हे आम्ही घरोघरी फिरून विचारलेलं. मग बस, रिक्षा, दुचाकी, मेट्रो असं सगळं त्या मशीनपुढे ठेवायचं आणि सांगायचं, वाट आता यांना. मशीन साडेतीन तास घरघर करायचं आणि कोण कशाने गेलं ते सांगायचं. त्याला एकच नियम होता. सकाळी जितकी माणसं ठिपक्यातून निघाली, तितकी कशाने ना कशाने पोचलीच पाहिजेत. घरी बसलेलं माणूस त्याच्या हिशेबातच नव्हतं. आम्हाला त्यात काही गैर वाटायचं नाही, सगळीकडे असंच करतात.

“बस काढून बघितलंस का?” दिघे सरांनी विचारलं.

“कुठल्या बस?”

“मेट्रोच्या खालून जाणाऱ्या. मेट्रो आली की त्या कशाला लागतात? पालिकेनेच लिहून दिलंय की, समांतर मार्गांचं सुसूत्रीकरण करू म्हणून.”

सुसूत्रीकरण म्हणजे बंद, हे आमच्या ऑफिसातला शिपाईसुद्धा ओळखून होता.

दिघे सर वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम सांगते. नाहीतर सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फोडून मोकळं होणं फार सोपं आहे. आवाज चढवायचे नाहीत, खोटं लिही असं कुणाला कधी म्हणायचे नाहीत. “बघ बाई, बसतंय का,” एवढंच म्हणायचे आणि शेंगदाण्यांची पुडी पुढे करायचे.

मी अकरा बसमार्ग निवडले, अकरा चौकटींत अकरा खुणा केल्या आणि मशीन सुरू केलं. दुपारी साडेतीनला आकडा आला. तीन लाख चार हजार. मी खुर्चीतून किंचाळलेच. सरांनी कोपऱ्यावरून सगळ्यांसाठी मिसळ मागवली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या वडिलांनीही कधी मारली नव्हती तशी.

त्या गडबडीत एकाच माणसाने मिसळीला हात लावला नव्हता. विटकरकाका. सिटी बसच्या डेपोत टाइमकीपर म्हणून तीस वर्षं काढून रिटायर झालेले, आणि आता आमच्याकडे चौकाचौकात उभं राहून वाहनं मोजणाऱ्या माणसांचे मुकादम. अक्षर मोत्यासारखं. माझ्या टेबलावरची अकरा मार्गांची यादी ते बोट ठेवून वाचत होते.

“मॅडम, एकाहत्तर पण?”

“अहो काका, खडकनाका ते मंडई ती मेट्रोच्या खालूनच तर जाते.”

“नाक्यापासनं. पण नाक्यावर येते कुठनं?”

मी यादी बघितली. “वरच्या खाणीतून.”

“आमच्यातनं,” काका म्हणाले. “वरती मेट्रो आहे का?”

“नाही, पण मेट्रोला खाली स्टेशन आहे ना.”

त्यांनी बोट उचललं नाही. “उद्या सकाळी सहा वीसच्या गाडीला चला माझ्याबरोबर.”

“काका, शुक्रवारी बँक येतेय. मला मरायला वेळ नाही.”

“मरायला नका काढू. बसायला काढा.”

हसू आलं मला, आणि तिथेच फसले. मंगळवारी पावणेसहाची एकाहत्तर पकडून मी वर गेले. नाक्यापासून वर नुसता चढ आहे. एका अंगाला कापलेला डोंगर, दुसऱ्या अंगाला खडी भरलेल्या डंपरांची रांग. फुटपाथ नावाची वस्तूच नाही. डंपरवाले वळणावर हॉर्न वाजवायचे आणि ब्रेक लावायचे नाहीत. बसचा ड्रायव्हर प्रत्येक वळणावर कपाळाला हात लावत होता, देवाला की नशिबाला ते मला कळलं नाही.

वरची खाण म्हणजे अकरा हजार माणसांची वस्ती. दगड फोडणाऱ्यांनी स्वतःच्याच दगडांनी बांधलेली घरं. पानांवर, पत्र्यांवर, वाळत घातलेल्या साड्यांवर पांढरी भुकटी. काका थांब्यावर उभेच होते. शेजारी निळ्या गणवेशातली एक उंच मुलगी, दोन वेण्या, खांद्यावर दप्तर.

“ही माझी नात, मोनाली. आठवीत आहे. इथली शाळा सातवीपातुर. पुढची सगळी खाली, मंडईपाशी.”

थांब्यावर निळे गणवेश मोजले मी, सवयच ती. चौतीस. सगळ्या मुली.

“मुलगे कुठेत?” मी विचारलं.

“ते पुढच्या गाडीनं येतात, नाहीतर डंपरला लोंबकळतात,” मोनाली म्हणाली. “आम्हाला लोंबकळू देत नाहीत.” हे तिने असं सांगितलं की जणू फार मोठा अन्याय होता.

गाडी सुटायला दहा मिनिटं होती. काका म्हणाले, चला, तुम्हाला एक दाखवतो. घरांच्या मागून ते मला पन्नास पावलं घेऊन गेले आणि हात आडवा धरून थांबवलं. जमीन संपली होती. खाली खूप खोल पाणी होतं, हिरवं, जराही न हलणारं.

“ही जुनी खाण. ऐंशी फूट कापली, मग झरा लागला, सोडून दिली. तळ कुणी बघितला नाही.” त्यांनी पलीकडे बोट केलं. “तो नाका.”

नाका इतका जवळ दिसत होता की भाजीवाल्याचा दिवा दिसत होता.

“रस्त्यानं चालत सव्वा तास. ह्या कडेनं गेलं तर पंचवीस मिनिटं,” काका म्हणाले. “आधी माणसं हितनंच उतरायची. चार माणसं गेली तेवढी मला ठाऊक. मग मी डेपोत असताना साहेबांच्या मागं लागून लागून ही गाडी आणली. गाडी आली आणि ही वाट मोडली.”

कडेला वाट म्हणण्यासारखं होतंच काय? एका माणसाचं पाऊल मावेल एवढा कंगोरा.

तिथे मला माझा नकाशा आठवला. प्रत्येक ठिपका जवळच्या स्टेशनाला जोडावा लागतो, नाहीतर मशीन पुढेच जात नाही. बस नसेल तर माणूस त्या रेषेवरून चालत जातो असं ते धरतं. वरच्या खाणीची रेषा मी स्वतः ओढली होती, खुर्चीत बसून, पट्टीने ओढावी तशी सरळ. पायी, एक पूर्णांक चार किलोमीटर. ती बरोबर या पाण्यावरून जात होती.

“काका, ही गाडी येण्याआधी मुली शाळेला कशा जायच्या?”

“जायच्याच नाहीत,” ते म्हणाले. “माझी धाकटी लेक हुशार होती. सातवी झाली, घरी बसली. घरात बसलेली पोर किती दिवस ठेवणार? पंधराव्या वर्षी लग्न केलं. मीच केलं. गाडी आली तेव्हा तिला दोन वर्षं झाली होती सासरी. मोनालीच्या बाळंतपणात गेली.” मग म्हणाले, “हिला मी बारावीपातुर नेणार. कबूल केलंय स्वतःशी.”

बसमध्ये मी मोनालीशेजारी बसले. आलेच आहे तर फॉर्म भरून घेऊ म्हटलं.

“प्रवासाचा उद्देश?”

“शाळा.”

“ही बस नसेल तर कशाने जाशील?”

ती हसली. “नाही जाणार.”

“तसं नाही गं. समज, बस नाहीच. मग?”

“मग नाही जाणार.” माझ्याकडे तिने असं बघितलं की एवढी शिकलेली बाई आणि इतकं साधं कळत नाही! “आजोबा चालत सोडणारच नाहीत. मग घरी.”

फॉर्मवर चार चौकटी होत्या. रिक्षा, सायकल, पायी, इतर. ‘नाही जाणार’ अशी चौकट नव्हती. ‘इतर’ वर खूण केली की पुढे कारण लिहावं लागायचं आणि तो फॉर्म तपासणीत बाद व्हायचा. मी ‘पायी’ वर खूण केली. का केली? सवय, दुसरं काय!

नाक्यावर उतरताना काकांनी विचारलं, “काय करायचं मग मॅडम?”

“सोपं आहे. एकाहत्तर अर्धी करते. नाका ते मंडई बंद, तिथे मेट्रो आहेच. वरची खाण ते नाका चालू. मुली नाक्यावर उतरतील, मेट्रोत बसतील.”

“अर्धी करता येते?”

“येते. त्यात थांबे नव्याने घालावे लागतात, दोनेक तासांचं काम. गुरुवारी करते.”

“शब्द?”

“शब्द,” मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. काका एवढे खूश झाले की त्यांनी मला नाक्यावर जबरदस्तीने दोन कप चहा पाजला आणि चहावाल्याला सांगितलं, आमच्या मॅडम आहेत, मेट्रो ह्याच आणतायत.

गुरुवारबद्दल मी इतकी वर्षं सगळ्यांना एकच सांगत आले. वेळ मिळाला नाही. बुधवारी तक्ते, गुरुवारी छपाई, रंगीत नकाशे, बांधणी. दिघे सर पाच वेळा येऊन गेले. गुरुवारी संध्याकाळी अहवाल छापून आला तेव्हा त्यात अकरा मार्ग पूर्ण बंद होते आणि आकडा होता तीन लाख चार हजार.

शुक्रवारी बँकेची चार माणसं आली. त्यांतली एक पिकल्या केसांची बाई, काही न बोलता पानं उलटत होती. दिघे सर बोलले, मी तक्ते दाखवले, पालिकेचे साहेब मधूनमधून मान हलवत होते. सगळं लोण्यासारखं चाललं होतं. मग त्या बाईने एका पानावर पेन ठेवलं.

“बस बंद केल्यात म्हणून आकडा तीन लाखांवर गेलाय. बरोबर?”

“बरोबर,” सर म्हणाले.

“मग हे तुम्ही धरून चाललाय, की करणार आहात?”

हा प्रश्न आम्हाला कुणी कधी विचारलाच नव्हता. आमच्या धंद्यात सगळं धरूनच चालायचं असतं. लोक इतके वाढतील धरा, पेट्रोल इतकं महागेल धरा, बस नाही धरा. सरांनी पालिकेच्या साहेबांकडे बघितलं. साहेबांनी घसा खाकरला.

“करणार. लेखी देऊ.”

बाईने लिहून घेतलं. मग सरळ माझ्याकडे बघितलं, कारण तक्त्याखाली नाव माझं होतं. “सगळ्या अकरा?”

सर माझ्याकडे बघत होते. मला म्हणता आलं असतं, दहा आणि एक अर्धी.

“सगळ्या अकरा,” मी म्हटलं.

तिने तेही लिहून घेतलं.

बाहेर जिन्यात विटकरकाका इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. त्यांना आत बोलावलं नव्हतं, पण ते आले होते. “झालं का मॅडम? एकाहत्तरीचं?”

“तुम्ही काळजी करू नका काका,” मी म्हटलं आणि घाईत असल्यासारखी खाली उतरले.

कर्ज मिळालं. दिघे सरांना बढती, मला पगारवाढ. कराराच्या मागे अटींची यादी होती आणि सहावी अट होती, अकरा बसमार्ग बंद. केव्हा बंद, हे कुणी नीट बघितलंच नाही. अट पूर्ण झाल्याशिवाय पहिला हप्ता सुटत नव्हता. म्हणजे मेट्रोचा पहिला खांब उभा राहायच्या आधीच बस बंद करणं भाग होतं. एका मार्चच्या एकतीस तारखेला अकरा बस थांबल्या. मेट्रो धावली त्यानंतर नऊ वर्षांनी. आज तिच्यात रोज अठ्ठावन्न हजार माणसं बसतात, पण तो आकडा मला आता कुणी विचारत नाही.

बस बंद झाल्याचं मी पेपरात वाचलं. चार ओळींची बातमी होती. त्या दिवशी मी वरच्या खाणीला जाऊन येते असं ठरवलं. मग पुढच्या आठवड्यात ठरवलं. मग पाऊस लागला.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, भर दुपारी, विटकरकाका ऑफिसात आले. मोजणीचं काम संपल्यापासून त्यांचा-माझा संबंध उरला नव्हता. वाळले होते. बसा म्हटलं तर खुर्चीच्या कडेला बसले. पिशवीतून त्यांनी एक पाकीट काढलं, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

“पहिली मानाची पत्रिका देवाला. दुसरी तुम्हाला.”

मी उघडली. चि. सौ. कां. मोनाली.

“काका, ही... अहो, ती पंधरा वर्षांची आहे.”

“सोळावं लागलंय.”

“पण तुम्ही तिला बारावीपर्यंत...”

“कशानं पाठवू?” ते म्हणाले. रागाने नाही. मलाच विचारत होते, खरंच, एखादी युक्ती असेल तर सांगा अशा आवाजात.

मग त्यांनी सगळं सांगितलं. बस थांबली, तेव्हा आधी आठ दिवस लोकांनी वाट बघितली. मग डेपोत गेले. डेपोवाले म्हणाले, मेट्रोवाल्यांना विचारा. मेट्रोवाले म्हणाले, अट आहे. रस्त्याने मुलींना कुणी पाठवेना, डंपर. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मुलींनी स्वतःच जुनी वाट काढली. खाणीच्या कडेने.

“एकमेकींचा हात धरून जायच्या,” काका म्हणाले. “एका रांगेत. मोनाली सगळ्यात पुढं. मी मना केलं, तर म्हणाली आजोबा, कडेनं पंचवीसच मिनिटं लागतात, तुम्हीच सांगितलंत ना.”

मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी घेतला नाही.

“ऑगस्टात कंगोरा निसरडा झाला. रांगेतली तिसरी, धोत्र्यांची लक्ष्मी, घसरली. मधे एक झुडूप होतं, त्याला अडकली. दोर सोडून वर काढली. हात मोडला, बाकी काय नाही. पण त्या दिवसापासनं वस्तीतली एकही पोरगी खाली उतरली नाही. चौतीसच्या चौतीस घरी. ह्या हंगामात नऊ लग्नं आहेत वस्तीत. आमचं चौथं.” त्यांनी पत्रिकेवरचं हळदकुंकू बोटाने सारखं केलं. “पोरगा बरा आहे. सुपारी नाही, दारू नाही.”

“मोनाली काय म्हणते?”

“काय म्हणणार? बोलत नाही माझ्याशी. दप्तर धुवून ठेवलंय तिनं माळ्यावर.”

मला रडू येत होतं आणि माझा मलाच संताप येत होता. काय करायचं, माहीत होतं मला. अशी लग्नं थांबवण्यासाठी फोन करायला नंबर असतो, तो माझ्या टेबलाच्या काचेखाली एका पत्रकावर होता. पण फोन केला की चौकशी होणार, वस्तीत माणसं जाणार, बस का बंद झाली ते निघणार, कागद निघणार, आणि कागदावर नाव माझं.

काका म्हणाले, “एक सांगू मॅडम? वस्तीतले लोक तुमच्याबद्दल वाईट बोलायला लागले होते. म्हणायचे, ती चष्मेवाली बाई आली, मुलींना प्रश्न विचारले आणि गाडी गेली. मी सगळ्यांची तोंडं बंद केली.”

“काय सांगितलंत?”

“खरं ते सांगितलं. म्हटलं, आमच्या मॅडमनी शब्द दिला होता आणि पाळला होता. त्यांनी कागदावर गाडी अर्धी ठेवलेली. वरच्यांनी खोडली.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तसंच झालं ना?”

गुरुवारी मला वेळ मिळाला होता.

गुरुवारी सकाळी आठ वाजताच येऊन मी एकाहत्तर अर्धी केली. वरच्या खाणीपासून नाक्यापर्यंतचे सगळे थांबे एकेक करून नव्याने घातले, अगदी काकांच्या थांब्यासकट. साडेदहाला मशीन सुरू केलं. दोन वाजता आकडा आला. दोन लाख सत्त्याण्णव हजार सहाशे. बस मिळाली तर खाणीतली माणसं नाक्यावर उतरून दुसरी बस, सहा आसनी रिक्षा, वाटेल ते पकडत होती. मेट्रोतच बसायची सक्ती त्यांना उरत नव्हती. बस नसली की मात्र मशीन त्या सगळ्यांना त्या सरळ रेषेवरून, त्या पाण्यावरून, चालवत मेट्रोत आणून बसवत होतं. फरक फक्त सहा हजार चारशे माणसांचा. पण त्याने तीन लाख मोडत होते.

मी कुणाला विचारलं नाही. दिघे सर जेवायला गेले होते. त्यांना विचारलं असतं तर कदाचित म्हणाले असते, राहू दे, दोन सत्त्याण्णव दाखवू, बघू काय म्हणतात. तसे होते ते. मी विचारलं नाही, कारण मला तीन लाखांवरचाच आकडा हवा होता. पाठीवर थाप हवी होती. मी अर्धी एकाहत्तर पुसली, सोमवारची फाइल परत काढली आणि छपाईला पाठवली. सगळं मिळून दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

“मॅडम?” काका म्हणाले. “तसंच झालं ना?”

“हो काका,” मी म्हटलं. “मी अर्धी ठेवली होती. वरून खोडलं.”

त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा चेहरा झाला. डोळे पुसून ते उठले, खुर्ची जागच्या जागी सरकवली.

“मग लग्नाला नक्की यायचं. आणि चढाची काळजी करू नका,” दारात थांबून ते म्हणाले. “पाहुण्यांसाठी नाक्यापासनं वरपातुर जीप सांगितलीय. दिवसभर चालू राहील.”